जखमी मेंदूची साक्ष

"खेळाडूच लपवतात, मग लीगने काय करायचं?" आइस हॉकीतल्या डोक्याच्या दुखापतींचा विषय निघाला की हे वाक्य हमखास पुढे येतं. समालोचक म्हणतात, निवृत्त खेळाडू म्हणतात, चाहते तर म्हणतातच. त्याच्या पाठोपाठ आणखी दोन वाक्यं येतात. एक, तपासणीची पद्धत आहे, नियम आहेत, आणखी काय हवं? दुसरं, उतरणारी माणसं सज्ञान आहेत, लाखो डॉलर घेतात, धोका ओळखूनच घेतात. ही तिन्ही वाक्यं सुटी सुटी घेतली तर प्रत्येकात थोडंफार तथ्य आहे. पण तिन्ही एकत्र बांधून सगळा दोष खेळाडूच्या पदरात टाकला जातो, तेव्हा ते गाठोडं सोडून बघायला हवं.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की टर्फ आणि ध्यानचंद आठवतात, म्हणून थोडं सांगतो. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही अमेरिका आणि कॅनडातल्या ३२ क्लबांची व्यावसायिक स्पर्धा. पायाला पोलादी पाती बांधलेली नव्वद-शंभर किलोची माणसं बर्फावर ताशी तीस-पस्तीस किलोमीटर वेगाने सरकतात आणि रबराची पक ज्याच्याकडे आहे त्याच्यावर अंगाने धडकणं नियमात बसतं. मैदानाला सीमारेषा नसते, भोवती कठडा असतो, त्यावर काच. अशा खेळात मेंदूला हादरे बसणारच. ते शून्यावर आणा असं कोणी म्हणत नाही. वाद आहे तो हादरा बसल्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांचा, आणि त्यानंतरच्या तीस वर्षांचा.

लपवतात, हे खरंच आहे. का लपवतात ते बघू. सामन्याला क्लबचे २० खेळाडू सज्ज असतात, त्यांतले दोन गोलरक्षक. एक जण आत गेला तर त्याच्या जागी दुसरा घेता येत नाही. उरलेल्यांनी त्याचा भार वाहायचा. चौथ्या फळीतल्या खेळाडूची गोष्ट आणखी निराळी. त्याची जागा घ्यायला खालच्या लीगमध्ये पंचवीस वर्षांचा कोणीतरी तयारच असतो आणि दुहेरी करार असेल तर खाली पाठवल्याबरोबर पगारही खाली येतो. यावर उत्तर मिळतं की एनएचएलचे करार पक्के असतात, जखमी झालं तरी पैसे मिळतात. मिळतात, पण करार संपेपर्यंत. 'याच्या डोक्याला तीनदा लागलंय' अशी कुजबूज एकदा सुरू झाली की पुढचा करार कोण देणार? त्यामुळे लपवणाऱ्या खेळाडूचा हिशेब चुकीचा नसतो, तो फार बरोबर असतो. हिशेबाची पाटी क्लबने आणि लीगने आखून दिलेली आहे, एवढंच.

आणि जो लपवत नाही त्याचं काय होतं? फिलाडेल्फिया फ्लायर्सचा कर्णधार एरिक लिंड्रॉस, त्या काळातल्या लीगमधल्या धिप्पाड आणि चर्चेतल्या खेळाडूंपैकी एक. त्याचा धाकटा भाऊ ब्रेट १९९६ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, वारंवार बसलेल्या हादऱ्यांमुळे निवृत्त झालेला, तेव्हा घरात या दुखण्याची ओळख होती. मार्च २००० मध्ये एका सामन्यात एरिकच्या डोक्याला मार बसला. डोकेदुखी सुरू असतानाही तो पुढचे काही सामने खेळला. नंतर बाहेरच्या तज्ज्ञाने कन्कशनचं, म्हणजे मेंदूला हादरा बसल्याचं, निदान केलं, तेव्हा क्लबच्या वैद्यकीय पथकाला हे ओळखता आलं नाही असं त्याने उघड सांगितलं. त्याच महिन्यात त्याचं कर्णधारपद काढून घेतलं गेलं. मे महिन्यात तो प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, परतला आणि दुसऱ्याच सामन्यात न्यू जर्सीच्या स्कॉट स्टीव्हन्सच्या खांद्याने त्याला बर्फावर आडवं केलं. पुढचा अख्खा हंगाम तो खेळला नाही. लीगमधल्या प्रत्येक तरुण खेळाडूने हे सगळं पाहिलं. 'बोला, आम्ही ऐकतो' असं सांगणारी शंभर पत्रकं या एका घटनेपुढे निरुपयोगी आहेत.

उलट बाजूचं उदाहरण तर चित्रफितीवर आहे. २००३ च्या स्टॅनले कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम मालिकेतला सहावा सामना. याच स्टीव्हन्सची धडक बसून अनाहाइमचा पॉल करिया निपचित पडला. त्याला आत नेलं. काही मिनिटांत तो परत आला आणि त्याच सामन्यात त्याने गोल मारला. आजही ती फीत अविस्मरणीय क्षण म्हणून दाखवली जाते. करिया २०११ मध्ये कन्कशनमुळेच निवृत्त झाला, ते मात्र त्या फितीत नसतं. एकाचं कर्णधारपद गेलं, दुसऱ्याचा जयजयकार झाला. यानंतरही आम्ही विचारतो की खेळाडू खरं का सांगत नाहीत.

आता चाचण्यांकडे येऊ, कारण 'चाचण्या आहेत ना' हा युक्तिवाद ऐकायला शास्त्रीय वाटतो. एनएचएलने १९९७ मध्ये खेळाडू संघटनेच्या साथीने हंगामापूर्वीची मूळ चाचणी सुरू केली. त्या काळात इतर लीगांच्या तुलनेत ते पुढचं पाऊल होतं आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. कल्पना साधी : खेळाडू धडधाकट असताना त्याची स्मरणशक्ती, लक्ष, प्रतिसादाचा वेग मोजून ठेवायचा आणि मार बसल्यावर पुन्हा मोजून फरक बघायचा. यात एक पळवाट दडलेली आहे. मूळ चाचणीतच मुद्दाम मंद वागलं की नंतरचा फरक दिसत नाही. अमेरिकन फुटबॉलमधला पेटन मॅनिंग २०११ मध्ये आपण असंच करतो असं बोलून गेला; पुढे तो विनोद होता असा खुलासा त्याने केला. विनोद असेल. पण समोरच्यांना तो कळला, याचा अर्थ युक्ती सगळ्यांच्या परिचयाची होती.

धडक बसल्यानंतर लगेच घेतात ती दुसरी चाचणी. मार्च २०११ पर्यंत ती बाकावरच होऊ शकत असे. त्यानंतर शांत खोलीत, डॉक्टरांसमोर घ्यायची असं ठरलं. तिचा साचा स्कॅट नावाने ओळखला जातो. २००१ मध्ये व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघ, फिफा आणि ऑलिंपिक समिती यांनी मिळून कन्कशनवरची पहिली परिषद भरवली, त्या मालिकेतून तो तयार झाला. कुठल्या मैदानावर आहोत, शेवटचा गोल कोणी केला असे प्रश्न. काही शब्द ऐकून लगेच आणि थोड्या वेळाने पुन्हा सांगणं. आकडे उलटे म्हणणं, महिने डिसेंबरपासून मागे म्हणणं. एका पायावर तोल. आणि २२ लक्षणांची यादी. डोकं दुखतं का, मळमळतं का, उजेड सहन होतो का, धुक्यात असल्यासारखं वाटतं का. प्रत्येकाला शून्य ते सहा असे गुण खेळाडूने स्वतः द्यायचे.

ही यादी हा चाचणीचा कणा आहे, आणि ती पूर्णपणे त्याच्या शब्दावर उभी आहे. नाकाबंदीत पोलीस दुचाकीस्वाराला 'प्यायला आहेस का' एवढं विचारून सोडून देत नाहीत, नळीत फुंकायला लावतात. कन्कशनसाठी अशी नळीच नाही. डोकं झटक्याने फिरतं तेव्हा मेंदूतले तंतू ताणले जातात, पेशींमधली रसायनं अस्ताव्यस्त होतात, पण साध्या सीटी स्कॅनमध्ये किंवा एमआरआयमध्ये बहुधा काही दिसत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका रक्तचाचणीला मान्यता दिली, तेव्हा वर्तमानपत्रांत कन्कशनची रक्तचाचणी आली असे मथळे झळकले. प्रत्यक्षात ती सीटी स्कॅनची गरज आहे की नाही एवढं ठरवायला मदत करते. म्हणजे अजूनही निदानाचा मुख्य साक्षीदार खेळाडूच. त्याची नोकरी पणाला लागलेली, अंगात सामन्याची धुंदी, आणि ज्या अवयवाने आपली प्रकृती जोखायची तोच अवयव हादरलेला. अशा माणसाने 'मी ठीक आहे' म्हटलं तर ते खोटं असेलच असंही नाही. त्याला खरोखर तसं वाटत असू शकतं.

शिवाय लक्षणं उशिरा उमटतात. हे क्रिकेट बघणाऱ्या मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तो आत गेला, तपासणीत उत्तीर्ण झाला, परत येऊन ९२ पर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं दुखू लागलं, तेव्हा त्याला सामन्यातून बाहेर काढलं. कोणी काही लपवलं नव्हतं. डॉक्टर चांगले होते. चाचणीच तेवढीच बघू शकत होती.

मग करायचं काय? या प्रश्नाचं उत्तर एनएचएलला स्वतःच्या अनुभवातून मिळालेलं आहे. २७ जानेवारी २०१६ रोजी कॅल्गरीत स्थानिक फ्लेम्सचा बचावपटू डेनिस वाइडमन धडक खाऊन उठला, बाकाच्या दिशेने निघाला आणि वाटेत पाठमोऱ्या असलेल्या सहायक पंच डॉन हेंडरसनला त्याने काठीने जोरात ढकललं. लीगचा निरीक्षक वाइडमनला तपासा म्हणत होता, क्लबचा माणूस त्याच्याकडे गेलाही, पण वाइडमन म्हणाला मी ठीक आहे आणि खेळत राहिला. नंतर त्याला कन्कशन झाल्याचं निदान झालं. हेंडरसनला पुन्हा कधीच पंचगिरी करता आली नाही. वाइडमनला २० सामन्यांची बंदी झाली. कन्कशनमुळे भान नव्हतं ही त्याची बाजू लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी मानली नाही. पुढे तटस्थ लवादाने बंदी १० वर आणली, तोवर १९ सामने उलटून गेले होते.

या प्रकरणात दोष वाइडमनचा की मेंदूचा, यावर कितीही काथ्याकूट करता येईल. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. २०१६-१७ च्या हंगामापासून लीगने न्यूयॉर्कमध्ये प्रशिक्षित निरीक्षक बसवले, ते पडद्यावर सगळे सामने बघतात, आणि ठरावीक खुणा दिसल्या तर खेळाडूला बाहेर काढणं बंधनकारक झालं. खेळाडूला विचारायचं नाही. जी सुधारणा खरोखर उपयोगी पडली ती खेळाडूच्या कबुलीला फाटा देणारी होती. म्हणजे 'लपवतात, मग काय करणार' याचं उत्तर लीगनेच करून दाखवलं आहे.

पण मग त्या खुणांची यादी कोण करतं? मे २०१७ मध्ये पिट्सबर्गचा सिडनी क्रॉस्बी कन्कशनमधून उठून आठवडाभरात परतला होता आणि वॉशिंग्टनविरुद्धच्या सहाव्या सामन्यात डोक्याने थेट कठड्यावर आदळला. सगळ्यांनी पाहिलं. त्याला तपासणीसाठी आत नेलं नाही. उपायुक्त बिल डेली यांनी नंतर समजावून सांगितलं की डोकं बर्फावर आपटलं तर बाहेर काढणं सक्तीचं, कठड्यावर आपटलं तर नाही. कारण लीगच्या अभ्यासात बर्फ हा कन्कशनचा संकेत ठरला, कठडा ठरला नाही. आकडेवारीचा हा आधार खरा असेलही. पण आठवडाभरापूर्वी ज्याला कन्कशन झालं तो, लीगचा सगळ्यात मोठा तारा, आणि तो कशावर आपटला याची पोटकलमं! इथे खेळाडूने काय लपवलं? लपवण्याची वेळच आली नाही, कोणी विचारलंच नाही.

लपवण्याचाच विषय निघाला आहे तर हेही सांगून टाकतो. एनएचएलचे क्लब जखमी खेळाडूबद्दल माध्यमांना 'शरीराच्या वरच्या भागाची दुखापत' एवढंच सांगतात आणि लीगचं धोरण त्याला परवानगी देतं. प्रतिस्पर्ध्याने दुखऱ्या जागी मारू नये म्हणून, असं कारण दिलं जातं. कारण पटण्यासारखं आहे. मात्र खांदा, बरगडी आणि मेंदू यांना एकाच पडद्याआड ठेवणारी संस्था एखाद्या खेळाडूला पारदर्शकतेचे धडे देते तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

तिसरं वाक्य उरलं : सज्ञान आहेत, धोका माहीत होता. इथे मात्र लीगची स्वतःची कागदपत्रं वाचावीत. नोव्हेंबर २०१३ मध्ये निवृत्त खेळाडूंनी लीगवर खटला भरला. धोका माहीत असूनही आम्हाला सांगितला नाही, असा त्यांचा आरोप. त्यावर लीगच्या वकिलांचं एक म्हणणं असं होतं की ही माहिती जाहीर होती, खेळाडूंना स्वतःच दोन आणि दोन चार करता आले असते. ठीक. आता आयुक्तांचं म्हणणं ऐका. २०१६ मध्ये सिनेटर रिचर्ड ब्लूमेंथाल यांना लिहिलेल्या लांबलचक पत्रात आणि मे २०१९ मध्ये कॅनडाच्या संसदेच्या उपसमितीसमोर बेटमन यांची भूमिका एकच : कन्कशन आणि सीटीई या मेंदूच्या ऱ्हासाच्या आजाराचा संबंध सिद्ध झालेला नाही. म्हणजे जी गोष्ट सगळे तज्ज्ञ हाताशी असलेल्या लीगला अजून कळलेली नाही, ती शाळा अर्धवट सोडून सोळाव्या वर्षी ज्युनियर हॉकीत उतरलेल्या पोराला कळायला हवी होती. दोन्ही बाजू एकाच तोंडाने मांडता येत नाहीत. त्यातून याच खटल्यात २०१६ साली उघड झालेल्या ईमेलांमध्ये डेली यांनी २०११ मध्येच लिहिलेलं सापडलं की खेळातल्या मारामाऱ्यांमुळे डोक्याच्या दुखापती वाढतात, त्यातून नैराश्य आणि त्यातून व्यक्तिगत शोकांतिका. त्या उन्हाळ्यात डेरेक बूगार्ड, रिक रिपियन आणि वेड बेलाक हे तीन मारामारीबहाद्दर खेळाडू चार महिन्यांच्या आत गेले होते. खाजगीत दोन आणि दोन चार होत होते तर.

बूगार्डच्या मेंदूत सीटीई सापडला, बॉब प्रोबर्टच्या सापडला, तेव्हा म्हटलं गेलं की हे ठोसे खाणारे लोक, यांचं वेगळं. मग स्टॅन मिकिता आणि आँरी रिशार या माजी खेळाडूंच्या मेंदूंतही तो आढळला. रिशार हा मॉन्ट्रियलचा चपळ मधला खेळाडू, ११ वेळा स्टॅनले कप जिंकलेला. त्याच्या नावावर मारामारीची ख्याती नव्हती. एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. हा आजार निश्चितपणे मृत्यूनंतरच ओळखता येतो आणि मेंदू दान करणारी कुटुंबं बहुधा आधीच काळजीत असलेली असतात, त्यामुळे दर शंभरात किती हे या नमुन्यांवरून काढता येत नाही. पण २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मज्जासंस्था संस्थेने वारंवार बसलेले मार हे सीटीईचं एक कारण असल्याचं मान्य केलं. प्रमाणाबद्दल वाद घाला, संबंधाबद्दल नको.

खटल्याचं पुढे काय झालं? जुलै २०१८ मध्ये मिनेसोटातल्या न्यायाधीशांनी सगळ्या माजी खेळाडूंचा एकत्रित दावा म्हणून मान्यता नाकारली, आणि नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली : ३१८ खेळाडूंसाठी १ कोटी ८९ लाख डॉलर, हातात प्रत्येकी सुमारे २२ हजार, दोषाची कबुली नाही. अमेरिकन फुटबॉलच्या लीगने अशाच दाव्यात २०१३ मध्ये ७६ कोटी ५० लाख डॉलर मान्य केले होते आणि पुढे तीही मर्यादा उठली. या दोन आकड्यांमधल्या अंतरात खेळाडूंच्या प्रामाणिकपणाचा काही संबंध नाही.

उपाय अवघड नाहीत, नकोसे आहेत. अमेरिकन फुटबॉलने २०१३ पासून मैदानाशेजारी क्लबशी संबंध नसलेले मेंदूतज्ज्ञ उभे केले. हॉकीत खेळाडूला परत पाठवायचं की नाही हे क्लबचेच डॉक्टर ठरवतात. क्रिकेटने ऑगस्ट २०१९ पासून कन्कशनसाठी बदली खेळाडू आणला. त्याचा गैरफायदा घेतला जातो, हे आपण पुण्यातच पाहिलं असं कोणी म्हणेल. ३१ जानेवारी २०२५ रोजी गहुंजेला शिवम दुबेच्या जागी हर्षित राणा उतरला, तीन बळी घेऊन गेला आणि जॉस बटलर चिडला. चिडायला कारण होतं, फटकेबाज अष्टपैलूच्या जागी वेगवान गोलंदाज ही बदली जुळणारी नव्हती. तरीही मला तो गोंधळ परवडतो. तिथे भांडण झालं ते डोक्याला लागलं म्हणून फार सहज बाहेर काढलं यावर. हॉकीतलं भांडण कायम उलट दिशेचं असतं. बदली मिळत असेल तर सहकाऱ्यांना वाऱ्यावर सोडल्याची टोचणी राहत नाही, आणि लपवण्याचं निदान एक कारण गळून पडतं.

मॉन्ट्रियलचा जुना गोलरक्षक आणि पुढे कॅनडाचा मंत्री झालेला केन ड्रायडन याने २०१७ मध्ये स्टीव्ह मॉन्टॅडोर या पस्तिसाव्या वर्षी गेलेल्या खेळाडूवर पुस्तक लिहिलं आणि एकच मागणी लावून धरली : डोक्यावरचा प्रत्येक आघात दंडनीय करा, हेतू, कोन, उंची असले प्रश्न न विचारता. एनएचएलचा ४८ वा नियम तिथवर जात नाही. तो मार्च २०१० मध्ये आला, बॉस्टनच्या मार्क सावार्डला मॅट कुकने खांद्याने बेशुद्ध पाडलं आणि त्याला शिक्षा द्यायला नियमच नाही असं लक्षात आलं तेव्हा. त्यातही डोकं हाच आघाताचा मुख्य बिंदू होता का आणि तो टाळता आला असता का, याची चिकित्सा होते. ड्रायडनच्या मागणीवर ठरलेलं उत्तर आहे की असं केलं तर खेळ मवाळ होईल, धडकांशिवाय हॉकी म्हणजे काय?

२८ फेब्रुवारी २०१० रोजी व्हँकूव्हर ऑलिंपिकचा अंतिम सामना झाला, कॅनडा विरुद्ध अमेरिका. जादा वेळेत सिडनी क्रॉस्बीने गोल मारला आणि कॅनडा ३-२ ने जिंकला. जवळजवळ सगळे खेळाडू एनएचएलचे, पण नियम आंतरराष्ट्रीय महासंघाचे. त्यात डोक्यावर धडक देणं हा सरळ गुन्हा होता. त्या सामन्याला मवाळ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. दहा महिन्यांनी, १ जानेवारी २०११ ला, एनएचएलच्या नियमांखाली पिट्सबर्गच्या उघड्या मैदानात वॉशिंग्टनच्या डेव्हिड स्टेकलचा खांदा त्याच क्रॉस्बीच्या डोक्यावर आदळला. पंचांनी शिट्टी वाजवली नाही, नंतर कारवाईही झाली नाही. ५ जानेवारीला क्रॉस्बी पुन्हा खेळायला उतरला, टँपाच्या व्हिक्टर हेडमनने त्याला कठड्यावर दाबलं, आणि त्यानंतर तो थेट २१ नोव्हेंबरला बर्फावर परतला.